वाचक विचारतात : परसातला शिंजीर आणि सॅव्हानातला त्याचा लाल छातीचा भाऊबंद

शिंजिराबद्दलची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एका पत्राचा विषय थेट आफ्रिकेचा आहे, बाकीची सातारा-सांगलीच्या अंगणांतली आणि मळ्यांतली आहेत. पण पक्ष्याचे कूळ एकच असल्यामुळे पहिल्या उत्तरातल्या गोष्टी पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडतील.

प्रश्न : मुलगा केनियात नोकरीला आहे. मसाई माराला फिरायला गेला असताना त्याने एका पक्ष्याचा फोटो पाठवला. अंग मखमली काळसर, छातीवर लालभडक पट्टा, डोक्यावर हिरवी चमक, चोच लांब आणि खाली वाकलेली. तो काटेरी चेंडूतून फुटलेल्या केशरी फुलांवर बसला आहे. मुलगा म्हणतो हमिंगबर्ड. खरे का? – वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : हमिंगबर्ड नव्हे. तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. तुमच्या वर्णनातला पक्षी लाल छातीचा शिंजीर आहे. त्याचे शास्त्रीय नाव चाल्कोमित्रा सेनेगलेन्सिस. यातले सेनेगलेन्सिस हे जातीचे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६६ साली दिले, त्यात सेनेगल देश आहे. मात्र पक्षी सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत, सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशांत, आणि बागांतही राहतो. लांबी साधारण १३ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जांभळ्या शिंजिराहून चांगलाच थोराड.

ओळख पक्की करायची तर फोटो मोठा करून गळा बघा. लाल छातीच्या शिंजिराच्या हनुवटीवर आणि गळ्यावर हिरवी चमक असते. त्याच्यासारखाच दिसणारा हंटरचा शिंजीर पूर्व आफ्रिकेच्या अधिक कोरड्या भागात असतो. त्याचा गळा काळा असतो आणि पाठीच्या खालच्या टोकाला जांभळी चमक असते. दुसरी खूण म्हणजे लाल पट्ट्यात बारीक निळसर चमकत्या रेघा असतात, पण त्या प्रकाश नीट पडला तरच दिसतात. मादी गडद तपकिरी असते, पोटाखाली पिवळसर आणि त्यावर तपकिरी डाग. नराशेजारी बसली तरी ही त्याची जोडीदार आहे यावर विश्वास बसत नाही.

हिरवी चमक हा रंग नव्हे. पिसांच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये काळ्या रंगद्रव्याचे कण थरांनी रचलेले असतात आणि त्या रचनेवरून प्रकाश परतताना हिरवा दिसतो. म्हणून सावलीत किंवा सूर्य पक्ष्याच्या मागे असताना हाच पक्षी नुसता काळा वाटतो. मुलाला सांगा, सकाळी सूर्य आपल्या पाठीशी घेऊन फोटो काढायचा.

आता फुलाबद्दल. काटेरी चेंडूतून फुटणारी केशरी फुले म्हणजे लिओनोटिस, आणि तिची एक जात तुमच्या ओळखीची आहे. आपण तिला दीपमाळ म्हणतो. मूळची उष्ण आफ्रिकेतली ही वनस्पती आपल्याकडे रस्त्याकडेला, पडीक जमिनीत, गावठाणाच्या कडेला पावसाळ्यानंतर पुरुषभर उंच वाढते. चौकोनी ताठ दांडा आणि त्यावर एकावर एक गोंडे. शिंजिराला ती आयती शिडी आहे. तो खालच्या गोंड्यावर पाय रोवतो आणि वरच्या गोंड्यातल्या नळीत चोच घालतो. फुलाची वरची ओठासारखी पाकळी पुढे आलेली असते, तिच्याखाली पुंकेसर असतात आणि परागकण नेमके पक्ष्याच्या कपाळाला लागतात. पुढच्या फुलावर तेच कपाळ टेकते आणि परागीकरण होते.

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांच्यातला खरा फरक इथेच आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो. शिंजीर क्षणभर तसे करू शकतो, पण त्याची पद्धत बसून पिण्याची. म्हणून आफ्रिकेतल्या पक्षी-फुलांना बसायला जागा असते : कोरफडीच्या जातींचे जाड तुरे, पांगाऱ्याच्या भाऊबंदांच्या फांद्या, लिओनोटिसचे गोंडे. दक्षिण आफ्रिकेत बाबियाना रिंजेन्स नावाची एक वनस्पती आहे. तिची फुले जमिनीलगत येतात, आणि तिने फुलांच्या वर एक बिनफुलांची दांडी वाढवलेली असते. शिंजीर त्या दांडीवर बसून खाली वाकतो. दांडी मोडली की परागीकरण घटते हे अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्या अंगणात शिंजिरासाठी काही लावताना किंवा टांगताना हे लक्षात ठेवा : त्याला आधी बसायला जागा लागते.

प्रश्न : उन्हाळ्यात गॅलरीत साखरपाण्याची बाटली टांगली. पहिले दोन दिवस शिंजीर आला, मग मुंग्या आल्या, पाण्याला आंबूस वास आला आणि पक्षी बंद झाला. प्रमाण चुकले का? गूळ किंवा मध घालावा का? – वाचक, मिरज

उत्तर : प्रमाण तुम्ही लिहिलेले नाही, पण आंबूस वास येण्याचे कारण मिरजेचे ऊन आहे. उन्हाळ्यात साखरपाणी एका दिवसात आंबायला लागते.

प्रमाण असे ठेवा : १ वाटी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी. पाणी उकळून गॅस बंद करा, साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या. उरलेले फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चालते. बाटलीत मात्र एका वेळी ५० मिलिलिटरच घाला आणि रोज बदला. उरलेल्यावर नवे ओतू नका. आंबलेल्याचा थोडा अंश राहिला तरी ताजे पाणीही लगेच बिघडते. दर वेळी गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने घासा. भोकाच्या कडेला काळा थर दिसला तर ती बुरशी आहे. तो निघत नसेल तर बाटली टाकून द्या.

मध नको, त्यात पाणी मिसळले की बुरशी झपाट्याने वाढते. गूळ नको, पाणी गढूळ होते आणि साखरेहून लवकर आंबते. खायचा लाल रंग तर अजिबात नको. बाटलीला बाहेरून लाल रिबन बांधली तरी पक्ष्याला ती दिसते.

मुंग्यांसाठी तारेला तेल किंवा ग्रीस लावायचा सल्ला अनेक जण देतात. तो पाळू नका. शिंजीर तारेवर बसतो, ग्रीस पिसांना लागते आणि ती एकमेकांना चिकटतात. जेमतेम आठ-दहा ग्रॅमच्या पक्ष्याला ते जिवावर बेतते. त्याऐवजी बाटलीच्या वर तारेत एक लहान झाकण उताणे ओवा, भोक मेणाने बंद करा आणि झाकणात पाणी भरा. मुंग्या ते ओलांडत नाहीत. बाटली सावलीत टांगा आणि भोकाखाली बोटभर अंतरावर बांबूची काडी बसायला बांधा.

एवढे रोज जमणार नसेल तर बाटली काढून ठेवा. साखरपाण्यात फक्त ऊर्जा असते. शिंजिराची पिल्ले साखरेवर वाढत नाहीत. त्यांना कोळी, अळ्या, बारीक किडे लागतात. गॅलरीत कुंडीतली एकेरी जास्वंद आणि कोपऱ्यातले न झाडलेले एक जळमट हे दोन्ही मिळून बाटलीहून जास्त कामाचे. मादी घरटे बांधताना तेच जाळे ओढून नेते.

प्रश्न : द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरले की निळसर काळा लहान पक्षी बागेत येतो आणि मण्याला भोक पाडतो. नुकसान किती धरावे? जाळी टाकली तर पक्षी अडकून मरतात, ते बघवत नाही. – वाचक, तासगाव तालुका

उत्तर : जांभळा शिंजीर पिकलेल्या द्राक्षाचा रस चाखतो हे खरे आहे. पण सगळा दोष त्याच्यावर टाकण्यापूर्वी घड जवळून पाहा. मणी चिरडलेला आणि खाली पडलेल्यांचा सडा असेल तर पोपट. मणी अर्धा खाल्लेला किंवा देठासकट गायब असेल तर बुलबुल, साळुंकी, आणि थवा मोठा असेल तर भोरड्या. टाचणीसारखे एकच भोक आणि मणी सुरकुतलेला असेल तर शिंजीर असू शकतो. मात्र रात्री येणारा रस शोषणारा पतंगही तसेच भोक पाडतो, त्याच्या भोकाभोवती मऊ गोल डाग पडतो. म्हणून संध्याकाळी बॅटरी घेऊन एक फेरी मारा. शिंजीर अंधार पडला की झोपतो. रात्री नवी भोके पडत असतील तर चोर दुसरा आहे.

शिंजिराचे स्वतःचे खाणे थोडे असते. खरे नुकसान पुढे होते. भोकातून रस पाझरतो, गांधीलमाश्या आणि फळमाश्या येतात, एक मणी सडला की घडातले शेजारी सडतात. म्हणून टोचलेले मणी दिसले की लगेच कात्रीने काढा. ते वेलीखाली न टाकता बादलीत गोळा करून बागेबाहेर पुरा. काही बागायतदार ऊन लागू नये आणि मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. त्याने शिंजिराचाही प्रश्न बराचसा मिटतो.

जाळीबाबत तुमचे दुःख आम्हाला पोचले. मासेमारीच्या जातीची बारीक नायलॉनची ढिली जाळी हेच अडकण्याचे कारण आहे. ती पक्ष्याला दिसत नाही आणि धागा पिसांत रुततो. जाड विणीची पांढरी जाळी घ्या. ताणल्यावर जाळीच्या भोकातून करंगळी जाता कामा नये. मांडवाच्या कडांना ती ताठ बांधा आणि जमिनीशी झोळ ठेवू नका. सकाळी आणि संध्याकाळी फेरी मारणे आवश्यक आहे. पक्षी अडकलाच तर आधी त्याच्यावर सुती रुमाल टाका, म्हणजे तो शांत होतो. मग धागा ओढू नका, लहान कात्रीने कापा, आधी पायाजवळचा, मग पंखाखालचा. सुटल्यावर पाणी पाजायला जाऊ नका, ते श्वासनलिकेत जाते. सावलीच्या फांदीवर ठेवा.

प्रश्न : पोर्चमधल्या बल्बच्या वायरला शिंजिराने घरटे टांगले आहे. रंगकाम ठरले आहे. घरटे उचलून समोरच्या पेरूवर बांधले तर चालेल का? – वाचक, कराड

उत्तर : चालणार नाही. अंडी किंवा लहान पिल्ले असताना घरटे दुसऱ्या झाडावर नेले तर मादी जुन्या जागीच घुटमळते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे.

हिशेब असा : अंडी बहुतेक दोन. जांभळ्या शिंजिराची मादी ती १५ ते १७ दिवस एकटीच उबवते. पिल्ले बाहेर आल्यावर नर खाऊ घालायला मदत करतो आणि दोन ते अडीच आठवड्यांत ती उडतात. घरटे आज पुरे झाले असेल तर पाच-सहा आठवडे, पिल्लांचा आवाज येत असेल तर जास्तीत जास्त अडीच आठवडे. रंगकाम तेवढे पुढे ढकला. निदान पोर्च शेवटी ठेवा. तो बल्ब काढून घ्या, कारण उजेडामुळे मादी रात्री बेचैन राहते आणि मांजराला घरटे दिसते. खाली स्टूल, कुंड्यांचा स्टँड, दुचाकी असे काही ठेवू नका. मांजर त्यावरूनच उडी घेते.

वायर तुटून घरटे पडलेच तर नारळाच्या अर्ध्या करवंटीला तीन भोके पाडा, त्यात घरटे आडवे न करता ठेवा आणि शक्यतो त्याच जागी, फार तर हातभर अंतरावर टांगा. हात लागला म्हणून आईबाप पिल्ले टाकतात हा समज चुकीचा आहे. पिल्लांना दूध, भात, पोळी काही देऊ नका.

सॅव्हानातला तो लाल छातीचा शिंजीरही असेच लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याने विणतो. पुष्कळदा गांधीलमाश्यांच्या पोळ्याशेजारी. तिथे त्याला क्लासच्या कोकिळेचाही धोका असतो, ती आपले अंडे त्याच्या घरट्यात घालते.

प्रश्न : एक शिंजीर रोज सकाळी मोटारसायकलच्या आरशावर चोच मारतो. आरसा घाण होतो आणि पक्षी दमलेला दिसतो. – वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर : विणीच्या हंगामातला नर आहे, आरशात त्याला दुसरा नर दिसतो. गाडी उभी केली की आरशांवर जुने पायमोजे चढवा. खिडकीच्या काचेवर येत असेल तर बाहेरून साबणाचा पातळ थर द्या. तो वेळ आणि ताकद पिल्लांच्या वाट्याची आहे, म्हणून आजच करा.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस कमी. बांधावर आणि घराभोवती अशी कोणती झाडे लावावीत की वर्षभर शिंजीर राहील? नर्सरीवाले आफ्रिकन ट्यूलिप सुचवतात. – वाचक, आटपाडी

उत्तर : आफ्रिकन ट्यूलिप, म्हणजे पिचकारीचे झाड, नवीन लावू नका. फुले देखणी आहेत आणि शिंजीर त्यावर येतो, पण लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि फुलांत लहान डंखहीन मधमाश्या मरून पडलेल्या आढळतात. आटपाडीच्या पावसात ते तसेही पाणी मागत राहील.

तुमच्या जमिनीचा कणा पांगारा. आफ्रिकेच्या सॅव्हानातही त्याचेच भाऊबंद कोरड्या दिवसांत, पाने झडल्यावर फुलतात आणि शिंजिरांना तगवतात. तेच काम आपल्याकडे पांगारा, पळस आणि काटेसावर जानेवारी ते मार्च या काळात करतात. पांगारा फांदीपासून लावा. मे महिन्यात मनगटाएवढ्या जाडीची, दीड मीटर लांबीची फांदी कापा. खालचे टोक तिरके, वरचे सपाट. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्या, वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप द्या आणि पहिल्या दमदार पावसानंतर दीड फूट खोल पुरून पायाने माती घट्ट दाबा. खड्ड्यात पाणी साचले तर फांदी बुडातून सडते, पांगारा न जगण्याचे हेच मुख्य कारण. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून साल वाचवा. पाने जाड, गाठाळ झाली तर ती गाठी करणाऱ्या बारीक गांधीलमाशीची लागण आहे. त्या फांद्या कापून जाळा. छाटणी करायचीच असेल तर फुले संपल्यावर, एप्रिलमध्ये. डिसेंबरात छाटलेला पांगारा त्या वर्षी फुलत नाही.

पावसाळ्यानंतरच्या महिन्यांसाठी दीपमाळ. जूनमध्ये बी टाका, दीड फुटावर एक रोप ठेवा. गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडा, म्हणजे चार-पाच दांडे फुटतात. एक अट पाळा : गोंडे वाळून बी गळायच्या आत कापून घ्या. ही परदेशी वनस्पती आहे आणि मोकळी सोडली तर बांध व्यापते. कास पठाराच्या परिसरात तर तिचे बी नेऊच नये.

मधल्या काळासाठी घराजवळ शेवगा, कोरफड आणि एकेरी जास्वंद. माळावर नेपती असेल तर तोडू नका, तिच्या तांबड्या फुलांवर शिंजीर येतो. साताऱ्याच्या डोंगरउतारावरच्या वाचकांनी यात मुरुडशेंग आणि धायटी वाढवावी. मुरुडशेंगीचे फूल ताजे असताना विटकरी लाल असते आणि शिळे झाले की निळसर करडे होते. शिंजीर लाल फुलांकडे वळतो.

कण्हेर शिंजिरासाठी लावू नका. रंग भरपूर, पण तिच्या फुलात मधच नसतो.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की लोक इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारतात. ते झाडाच्या रसात शिरते आणि तिथून फुलाच्या मधात उतरते. त्याऐवजी १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा. आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत पिठ्या जात नाही, कारण अंडी कापसासारख्या आवरणात टिकून राहतात.

प्रश्न : हिवाळ्यात पिवळसर शिंजीर दिसतात आणि उन्हाळ्यात अचानक काळे-जांभळे. ते काळे आफ्रिकेतून येतात का? – विद्यार्थी, वाळवा तालुका

उत्तर : नाही, तोच नर कपडे बदलतो. वीण संपली की जांभळ्या शिंजिराचा नर बराचसा मादीसारखा पिवळट होतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. पुढच्या विणीआधी पिसे पुन्हा बदलतात. मधल्या दिवसांत तो ठिगळे लावल्यासारखा दिसतो. वहीत तारीख लिहून ठेव : रेघ कधी दिसली, पहिले जांभळे ठिपके कधी, पूर्ण रंग कधी. फुलांमागे हे पक्षी थोडेफार फिरतात, पण समुद्र ओलांडत नाहीत. आफ्रिकेकडून आपल्याकडे येणारा पक्षी बघायचा असेल तर पावसाच्या तोंडावर चातकाची वाट बघ.

प्रश्न : महाबळेश्वरच्या रस्त्याला पाठ आणि छाती लाल असलेला शिंजीर दिसला. पहिल्या पत्रातल्या वाचकाचा आफ्रिकन पक्षी तर नव्हे? – वाचक, मेढा

उत्तर : नव्हे. तो विगर्सचा शिंजीर, आपल्या पश्चिम घाटाचा आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३२ साली त्याचे वर्णन केले. आफ्रिकन पक्ष्याची लाली फक्त छातीवर असते आणि पाठ काळसर. याची लाली गळा, छाती आणि पाठ अशी सगळीकडे असते, आणि पोट राखाडी. महाबळेश्वर आणि कोयनेच्या जंगलाच्या कडेला, बांडगूळ फुललेल्या झाडाखाली सकाळी अर्धा तास थांबा. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर तो पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने फेरी मारतो. एकदा गेला तरी जागा सोडू नका.